भिंतीलगतचा वाफा

९ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. त्याआधी तू शेजारच्या शिवणवाल्या काकूंच्या फोनवर फोन केला होतास, हे त्यांनी मला कुंपणावरून हातवारे करून सांगितलं. ते हातवारे बघून मला आधी वाटलं, कुठेतरी आग लागली. ठकू, फोनच्या भानगडीत पडू नकोस. छापखान्यातल्या मशीनने माझे कान कधीच खाल्ले. कागदावरची अक्षरं तेवढी अजून माझ्याशी नीट बोलतात. तेव्हा पत्रच लिहीत जा, आणि जरा ठळक अक्षरात.

थंडी सरली. काल सगळ्या खिडक्या उघडल्या. घरात औषधांचा जो वास कोंडला होता, तो निघून गेला. गेला ते बरं झालं की वाईट, अजून ठरवता आलेलं नाही.

दिवाणजी मजेत आहेत. सकाळी मागचं दार उघडायचा अवकाश, की शेपूट उभारून अंगणाची पाहणी करायला निघतात. कुंपण तपासतात, पाण्याच्या नळाला हुंगतात आणि सगळं आपल्या मनासारखं आहे अशी खात्री झाली की भिंतीलगतच्या वाफ्यात अंग टाकतात. बोका म्हातारा झाला, पण रुबाब तसूभर कमी नाही. तुझ्या आईनेच लाडावून ठेवलंय.

त्या वाफ्याचंच तुला सांगायचं होतं. मातीतून काहीतरी वर आलंय. जाड, हिरवे, टोकदार कोंब. थंडी पडायच्या आधी तुझी आई शाल गुंडाळून तिथे उकरत बसली होती. उठता-बसता दम लागत होता, पण मला खुरप्याला हात लावू दिला नाही. काय लावतेस विचारलं तर म्हणाली, वर आलं की बघा. आता वर आलंय आणि विचारायला ती नाही. मी रोज चष्मा लावून बघतो. तुला काही बोलली होती का?

स्वतःला जप. रात्रपाळ्या फार घेऊ नकोस. जास्त काय लिहू? लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

तुझा,
बाबा


१७ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच राहिला. बाबा, त्या लिली आहेत. पांढऱ्या. आईने मला सांगितलं होतं, आणि तुम्हाला सांगू नकोस असंही बजावलं होतं, कारण तुम्ही रोज माती उकरून बघाल म्हणाली. मावशी आणि ती दोघी बाजारात गेल्या होत्या, तिथे पाकिटावरचं चित्र बघून तिने ते कंद घेतले. मी तेव्हा फोनवर हो हो म्हणत दुसरंच काही करत होते.

मे संपता संपता फुलतील. मी त्या वेळी रजा काढून येते. आमच्या विभागाचं तुम्हाला माहीतच आहे, किडन्या बंद पडलेली माणसं एक दिवसाआड येतात, मशीनला जोडून त्यांचं रक्त धुवावं लागतं. त्यांना थांबा म्हणता येत नाही. पण आत्तापासून सांगून ठेवलं तर जमेल.

आता दिवाणजींबद्दल. ही काळजी आई करायची, म्हणून मी करते, हसू नका. खिडक्या उघडल्या म्हणता, पण माडीवरच्या खिडकीला जाळी आहे का? चिमण्यांच्या मागे लागून बोके खाली पडतात. या दिवसांत गवतात गोचिडी होतात, कानामागे चाचपून बघत जा. शेजारीपाजारी गोगलगाईंना मारायच्या निळ्या गोळ्या टाकतात, त्यांनी कुत्री-मांजरं दगावतात. काकूंना विचारून घ्या. आणि मांजर अंग चाटून साफ करतं, म्हणजे जे केसांना लागेल ते सगळं पोटात जातं, हे ध्यानात ठेवा. एकदा त्यांना डॉक्टरांकडे दाखवूनच आणा ना.

दोन घास वेळेवर खा. माझ्यावरची माया अशीच राहू द्या.

तुमची,
ठकू


२९ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझ्या हुकमाप्रमाणे माडीच्या खिडकीला जाळी ठोकली. काकू गोळ्याबिळ्या टाकत नाहीत, त्या गोगलगाई उचलून रस्त्यापलीकडे सोडून येतात. गोचीड एकच सापडली, कानामागेच. ती काढायला दिवाणजींना टोपलीत घालून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वाटेत त्यांनी जे काही म्हटलं ते मला ऐकू आलं नाही, पण रस्त्यातली माणसं वळून बघत होती.

डॉक्टरीणबाई मोठ्या समजूतदार आहेत. मला ऐकू येत नाही हे कळल्यावर कागद पुढे ओढला आणि लिहूनच विचारायला लागल्या. बोका बाहेर जातो का, अंगणात काय काय आहे. मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, की बायकोने लावलेल्या लिली आहेत. त्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, की लिली हे मांजराला विष आहे. पान चावलं तरी, फुलाचे पराग अंगाला लागून चाटले गेले तरी, फुलदाणीतलं पाणी प्यालं तरी. दोन-तीन दिवसांत किडन्या जातात. कुत्र्याला एवढं होत नाही, माणसालाही नाही, पण मांजराला थोडंही पुरतं.

तुझ्या आईला हे ठाऊक नव्हतं. दिवाणजींना साधी शिंक आली तरी ती रात्रभर बसून राहायची.

घरी आलो तो सरळ कुदळ काढली. वाफ्यापाशी उभा राहिलो. कोंब वीतभर झालेत, पानं सुटायला लागलीत. तिने दोन बोटांनी माती दाबलेली मला दिसत होती. कुदळ उचलवेना. मग म्हटलं, हे माझं एकट्याचं नाही, ठकूचंही आहे. तिला विचारावं.

तेव्हा विचारतो. तू म्हणशील तसं करीन. माझं मत विचारशील तर उपटावं. पण तू सांग. तोवर दिवाणजी घरात.

उत्तराची वाट बघतो. खुशाल असावीस.

तुझा,
बाबा


६ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आल्यापासून मी रोज उत्तर लिहायला बसते आणि कागद फाडते. किडन्या गेल्यावर काय होतं, ते मला कुणी सांगायला नको. मी रोज तेच बघते. तरीही लिहिते. बाबा, नका उपटू.

एवढे दोनच महिने. फुललेली एकदा बघते, मग मी स्वतः माझ्या हातांनी उपटून टाकीन. तोवर दिवाणजींना आत ठेवा आणि वाफ्याभोवती जाळीचं कुंपण करा. कितीतरी घरांतली मांजरं जन्मभर बाहेर जात नाहीत, त्यांना काही होत नाही.

मावशीचाही फोन आला होता. ती म्हणते, मुळासकट माझ्याकडे पाठवा, माझ्या गच्चीवर मांजर फिरकत नाही. पण आता एवढे वाढल्यावर हलवले तर यंदा फुलणार नाहीत, कदाचित मरतीलही. आणि मला ती फुलं मावशीच्या गच्चीवरच्या बादलीत बघायची नाहीत. आईने जिथे लावली, तिथे बघायची आहेत.

आईला शेवटचं भेटायला मला उशीर झाला. तुम्ही सगळे तिच्यापाशी होतात. मी पोचले तेव्हा ती गेलेली होती. तिने माझ्यासाठी म्हणून मागे ठेवलेलं एवढं एकच काही आहे असं मला वाटतं. चुकीचं वाटत असेल, तर रागवा. पण थांबा.

लोभ कमी होऊ देऊ नका.

तुमची,
ठकू


२२ एप्रिल

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तू म्हणालीस तसं केलं. वाफ्याला चारी बाजूंनी जाळी, वरूनही जाळी, आणि एका बाजूला तारेने बांधलेलं दार. छापखान्यात अक्षरांचे खिळे फर्म्यात आवळायचो तसं आवळलंय, उंदीरही शिरायचा नाही. त्यावर मागचं दारही सदा बंद.

झाडं छान आहेत. गुडघ्याच्या वर गेली. रोज बाहेरून पाणी घालतो.

दिवाणजींचं मात्र ठीक नाही. पहिले काही दिवस दाराशी बसून माझ्याकडे बघायचे, जणू मी किल्ली हरवली आहे आणि आता सापडेलच. मग खाणं कमी केलं. परवा शिवणवाल्या काकू घरात आल्या, कानाला हात लावून दाराकडे बोट दाखवू लागल्या. मला कळेना. शेवटी त्यांनी खडूने फरशीवर लिहिलं, की बोका दिवसभर रडतो, मशीन चालवताना मला ऐकू येतं. मला कसं ऐकू येणार? मी त्याच खोलीत खुर्चीवर बसून पेपर वाचत होतो, ठकू. जाऊन त्याच्या गळ्यावर हात ठेवला, तर गळा थरथरत होता.

तेव्हापासून मी पेपर वाचत नाही. त्याच्या जवळ फरशीवर बसतो. दोरा नाचवतो. माझ्या वयाला ते शोभत नाही, आणि त्यालाही मजा वाटत नाही. दोघंही एकमेकांचं मन राखतो झालं.

तक्रार म्हणून लिहीत नाही. तुला शब्द दिलाय. विचारलंस तर खोटं सांगायला नको, म्हणून लिहिलं. तुझी आई असती तर या घरात कोण कोणाला कोंडून घालतंय, असं म्हणाली असती. पण तिनेच लावलंय, तेव्हा तिलाही काही बोलता आलं नसतं.

तारीख नक्की झाली की कळव. तब्येत सांभाळ.

तुझा,
बाबा


४ मे

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

मी पत्रं लिहिणारी बाई नाही हे तुला माहीत आहे. पण फोनवर तू ऐकून घेतेस आणि विषय बदलतेस. कागदाचा विषय बदलता येत नाही.

काल भावोजींकडे गेले होते. दार उघडायला त्यांना एवढा वेळ लागला की मी घाबरले. घंटा वाजली की बोका उठून त्यांच्या पायाशी जातो आणि त्यांना कळतं, हे मला काल समजलं. आता तो उठत नाही. खिडकीशी तोंड करून पडलेला असतो. अंगावर हाडं लागतात. आणि भावोजी त्याच्याशेजारी फरशीवर बसलेले. एवढा मोठा माणूस, पाय दुखतात म्हणून एरवी बसमध्येही उभा राहत नाही, तो फरशीवर!

तुझ्या आईची मी धाकटी बहीण, म्हणून तिच्याबद्दल बोलायचा माझाही थोडा हक्क आहे. ते कंद घेताना मी बरोबर होते. ती काही डोळ्यांत पाणी आणून घेत नव्हती. पाकिटावर सूट होती आणि चित्रातला पांढरा रंग आपल्या पडद्यांना शोभेल म्हणाली. घासाघीस केली, दुकानदाराला हैराण केलं, मग दोघींनी बाकावर बसून आइस्क्रीम खाल्लं. तू तिला हवं तेवढं आठव, पण त्या फुलांत तिला कोंबून बसवू नकोस. ती मावायची नाही.

मी बादल्या धुऊन ठेवल्या आहेत. हो म्हण, मी उद्या जाऊन घेऊन येते. जगली तर जगली.

रागावलीस तरी चालेल. मी तुझी मावशी आहे, माझ्यावर रागावून तू जाशील कुठे?

तुझी,
मावशी


१२ मे

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

एक अडचण झाली आहे. माझ्याबरोबरची मुलगी पाय मोडून घरी बसली, त्यामुळे माझी रजा पुढे गेली. आता जूनच्या पहिल्या आठवड्यात येते. साहेबांशी भांडले, पण त्यांचंही खरं आहे, माणसं मशीनला जोडायला कुणीतरी हवं.

मावशीचं पत्र आलं. तिला उत्तर लिहिलेलं नाही. ती म्हणते त्यात खोटं काही नाही, म्हणूनच लिहवत नाही.

बाबा, कळ्या आल्या का? किती आल्या? रंग दिसायला लागला का? दिवाणजींना ताजा मासा उकडून द्या, काटे नीट काढून. त्यांना माझ्यातर्फे सांगा, थोडं थांबा. तुम्हीही थोडं थांबा. एवढं मागते, आणखी काही मागणार नाही.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
ठकू


२४ मे

चि. ठकूस,
अ. उ. आ.

हे पत्र डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितो आहे. आधी महत्त्वाचं. दिवाणजी आत आहेत, सलाईन लावलंय, जिवंत आहेत.

आज सकाळी पहिलं फूल उमललं. भिंत ऊन धरून ठेवते म्हणून असेल, तुझ्या हिशेबाच्या आधीच आलं. मला राहवलं नाही. तार सोडून जाळीच्या आत गेलो. एवढं मोठं, एवढं पांढरं फूल मी आपल्या अंगणात कधी पाहिलं नव्हतं. तुला लिहून कळवायचं म्हणून नीट बघितलं, वाकून वास घेतला, मग तार पुन्हा बांधली, मागचं दार लावलं, सगळं व्यवस्थित केलं. घरात येऊन खुर्चीत बसलो.

आणि दिवाणजी आपणहून मांडीवर आले. कितीतरी दिवसांनी. डोकं माझ्या बाहीवर घासलं, हात चाटला, बाही चाटली. मला वाटलं, रुसवा गेला. मी आपला त्याला थोपटत बसलो. चष्मा सारखा करायला हात वर केला तेव्हा बाहीच्या काठाला तांबूस पूड दिसली. छापखान्यातून येताना शाईने माखलेल्या बाहीवरून तुझ्या आईची किती बोलणी खाल्ली, पण बाही बघायची सवय काही लागली नाही. दिवाणजींच्या हनुवटीवरच्या पांढऱ्या केसांनाही तीच पूड.

टॉवेलात गुंडाळून तसाच बाहेर पळालो. काकूंनी माझं तोंड बघितलं, शिवण टाकली आणि स्कूटर काढली. डॉक्टरीणबाईंनी त्याला धुतलं, ओकारीचं औषध दिलं, पायाचे केस भादरून सुई लावली. कागदावर लिहिलं, की लगेच आणलंत हे फार बरं केलंत. किडन्यांचं मात्र दोन-तीन दिवस सांगता येणार नाही.

ठकू, तू स्वतःला दोष देशील, म्हणून हे आजच लिहितो. तू मला थांब म्हणालीस, आत जाऊन वास घे म्हणाली नव्हतीस. बाही माझी होती. बोका एकदाही बाहेर गेला नाही. विष मी घरात आणलं.

काकू म्हणतात त्या तुला फोन करतील. बाकी दिवाणजींचं कळलं की लिहीन.

तुझा,
बाबा


२६ मे

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

काकूंचा फोन आला. तुमचं पत्र अजून यायचंय, पण त्यांनी सगळं सांगितलं. मी निघते आहे. साहेबांना विचारलं नाही, सांगितलं. हे पत्र आधी पोचेल की मी, कोण जाणे. तरी लिहिते, कारण समोर आले की तुमच्याशी मोठ्याने बोलावं लागतं, आणि ही गोष्ट मोठ्याने बोलता येण्यासारखी नाही.

तुम्ही पहिल्याच दिवशी कुदळ काढली होतीत. मी थांबवलं. मला सगळं माहीत असताना थांबवलं.

वाफा रिकामा करा. माझी वाट बघू नका, एकही फूल ठेवू नका. मावशीला बोलवा. काकूंनाही फोनवर हेच सांगितलंय, त्या तुम्हाला लिहून दाखवतील. जाळीत जाताना जुना सदरा घाला आणि तो बाहेरच काढून टाका.

येते.

तुमची,
ठकू


८ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझी बस सुटली आणि माझी आली, अशी चुकामूक झाली. बाबांनी सांगितलं, की तुम्ही दोघांनी मिळून सगळा वाफा उपसला आणि तू तोंडातून एक शब्द काढला नाहीस. त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली म्हणे. मी पोचले तेव्हा तिथे नुसती उकरलेली माती होती. तू नेलेले कंद जगले तर पुढच्या वर्षी बघायला येईन. नाही जगले तरी येईन.

दिवाणजी वाचले. आधी हे लिहायला हवं होतं. पण कसे वाचले ते सांगते, आणि त्याआधी जे झालं तेही सांगते. दुसऱ्या कुणाला सांगता यायचं नाही.

रक्ताची शेवटची तपासणी व्हायची होती, त्या दिवशी आम्ही दोघं दवाखान्यातल्या बाकावर बसलो होतो. खोली भरलेली होती. एका माणसाच्या कुत्र्याला मधमाशी चावून त्याचं थोबाड भोपळ्याएवढं झालं होतं. एक जोडपं खिडकीतून पडलेलं मांजराचं पिल्लू मांडीवर घेऊन बसलं होतं. बाबा आतल्या बंद दाराकडे बघत होते. मी काहीही विचारलं नव्हतं. अचानक ते बोलायला लागले. आपण केवढ्याने बोलतो हे त्यांना कळत नाही, तुला माहीत आहे. सगळ्या खोलीला ऐकू जात होतं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला, पण गप्प करवेना.

आईच्या शेवटच्या दुपारचं सांगत होते. तू तेव्हा औषधं आणायला बाहेर गेली होतीस. म्हणाले, तिचे केस उशीवर घासून घासून गुंतले होते, टोचतात म्हणाली. मला विंचरून द्या म्हणाली; तिचे ओठ त्यांना वाचता यायचे. त्यांनी जन्मात कुणाचे केस विंचरले नव्हते. खालच्या टोकापासून एकेक गुंता सोडवत आले, तिला ओढ बसू नये म्हणून बराच वेळ लावला. मग वेणी घालायला घेतली. तीन पेडांतला कुठला कुणावरून न्यायचा ते दर वेळी विसरायचे, आणि ती पडल्या पडल्या बोटाने दाखवायची, डावा, आता उजवा. वेणी झाली ती पार डाव्या कानावर गेली. त्यांनी आरसा आणून दाखवला. ती एवढी हसली की खोकला लागला. म्हणाली, छान झाली आहे, आता कुणी सोडू नका, अशीच राहू द्या. मग झोपली. त्यानंतर ती काही बोलली नाही.

कुत्र्याचा मालक जमिनीकडे बघत होता. त्या जोडप्यातली मुलगी डोळे पुसत होती.

मावशी, मी पहाटे पोचले तेव्हा तू खोलीत होतीस. मी काय केलं ते तुला आठवत असेल. आईची ती वाकडी वेणी बघून माझं डोकं फिरलं. मला वाटलं, एवढी माणसं घरात असून कुणाला तिचे केससुद्धा नीट विंचरता आले नाहीत. मी काही न बोलता ती सोडली, विंचरली आणि सरळ मधोमध घातली. बाबा दारात उभे होते. त्यांनी बघितलं. एक शब्द बोलले नाहीत.

बाकावरही ते बोलले नाहीत. वेणी कुणी सोडली, हे त्यांच्या गोष्टीत आलंच नाही. ती हसली, इथेच त्यांनी गोष्ट संपवली, आणि माझ्याकडे बघून जरासे हसले. मला ते काहीतरी देत होते गं. उशिरा आले म्हणून जे माझं राहून गेलं होतं, ते सगळ्या खोलीच्या देखत देत होते.

तेवढ्यात दार उघडलं. डॉक्टरीणबाईंनी बाबांसाठी कागदावर लिहून आणलं होतं. किडन्यांना इजा झाली आहे, पण त्या चालू आहेत. वेगळं खाणं द्यावं लागेल, पाणी जास्त प्यायला लावावं लागेल, रक्त तपासत राहावं लागेल. किती दिवस काढेल ते सांगता येत नाही. बाबांनी तो कागद दोनदा वाचला आणि मोठ्याने विचारलं, अंगणात सोडू का? त्या हो म्हणाल्या. आता अंगणात भ्यायचं काही नाही, एवढं मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं.

मी महिनाभर इथेच आहे. पगार कापा म्हटलं. घंटेच्या जागी दिवा पेटेल असं काहीतरी इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेणार आहे, दिवाणजींवर त्याचा भार नको. इथल्या इस्पितळात माझ्यासारखं काम मिळेल का, तेही बघून आले. बाबांना अजून बोलले नाही.

आज सकाळी मागच्या पायरीवर ऊन आलं होतं. बाबा वरच्या पायरीवर चहा पीत बसले होते. मी न्हाऊन आले, त्यांच्या पुढ्यात खालच्या पायरीवर पाठ करून बसले, आणि कंगवा मागे त्यांच्या हातात दिला. त्यांनी कप खाली ठेवलेला मला कळला. मी वळून बघितलं नाही. मग केसांच्या खालच्या टोकाशी कंगवा लागला, अगदी हलके.

वेणी डाव्या कानावर गेली आहे. मी ती सोडलेली नाही.

मोठ्यांनी रागवावं आणि माया तशीच ठेवावी, एवढंच तुझ्याकडे मागणं.

तुझी,
ठकू